बदकाच्या पिल्लांचे पंख बाहेर वळले, तर काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आचऱ्याच्या खाडीकडेला तुमचं घर आहे. या पावसाळ्यात तुम्ही 14 बदकाची पिल्लं वाढवलीत, ती आता 5 आठवड्यांची झालीत. त्यातल्या तिघांच्या पंखांची टोकं अंगाला न लागता बाहेर वळलीत, एकाचे तर दोन्हीकडचे. शिवाय खुडूक कोंबडीखाली निघालेल्या गावठी पिल्लांपैकी दोघांचे पंख खाली लोंबताहेत. पिल्लांना ब्रॉयलरचं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, आणि वरून सुकट चालू आहे. शेजारचे म्हणतात, टोकं छाटून टाका. काय करू?

छाटू नका. बदकांचं आणि गावठी पिल्लांचं दुखणं वेगळं आहे, म्हणून आधी बदकांचं सांगते. त्यांच्या बाबतीत दिवस मोजके आहेत. आज-उद्यात पंख बांधलात आणि खाणं बदललंत तर तिघांपैकी दोघं तरी सुधारतील असं मला वाटतं. ज्याचे दोन्ही पंख वळलेत त्याची खात्री देत नाही, पण त्यालाही बांधाच.

तुमचा स्वतःचा हात कोपरात दुमडून तळवा खांद्याकडे आणून बघा. बदकाचा पंख असाच दुमडतो: खांदा, कोपर, मनगट. मनगटाच्या पुढे, आपल्या पंज्याच्या जागी, हाडांचा एक छोटा जुडगा असतो आणि टोकाची दहाएक मोठी पिसं त्यालाच रोवलेली असतात. चवथ्या-पाचव्या आठवड्यात ही पिसं कोंबासारखी बाहेर पडू लागतात. त्या वेळी प्रत्येक पीस म्हणजे रक्ताने भरलेली निळसर नळी असते. पिल्लू मांडीवर घेऊन त्या नळ्या दोन बोटांत धरून बघा, कोमट आणि जड लागतील. वाळलेलं पीस हलकं असतं, हे तसं नसतं. एवढं ओझं मनगटाच्या कोवळ्या सांध्याला लटकलेलं असतं आणि त्याला धरून ठेवणारे स्नायू अजून भरलेले नसतात. मनगट दमतं, पंख खाली सुटतो आणि त्या वजनाने हळूहळू बाहेरच्या अंगाला पिळवटतो. हाड कोवळं आहे तोवर ते हाताने परत जागेवर येतं. पिसांच्या नळ्या वाळून पांढऱ्या झाल्या की हाडही त्याच वळणात घट्ट होतं आणि मग कितीही बांधलं तरी उपयोग होत नाही. साध्या बदकांत हा काळ साधारण 4 ते 8 आठवड्यांचा असतो, मस्कोव्ही जातीच्या बदकांत थोडा उशिरा येतो. राजहंसांतही हे बरंच दिसतं, कोंबड्यांत क्वचित. डावा पंख जास्त वेळा वळतो, हे माझ्याही पाहण्यात आहे.

तुमच्याकडे हे का झालं, ते तुमच्याच सांगण्यात आहे. ब्रॉयलर स्टार्टरमध्ये साधारण 22 टक्के प्रथिनं असतात. ते खाद्य ब्रॉयलरचं पिल्लू दीड महिन्यात विक्रीला यावं म्हणून बनवलेलं असतं. त्यावर तुम्ही सुकट घालता, आणि सुकटीत तर निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात. पहिले दोन आठवडे बदकाच्या पिल्लाला 20-22 टक्के चालतात, लागतातही. पुढे 15-16 पुरेत. तुमच्या पिल्लांची पिसं आणि मांस धावत सुटलं, हाडं आणि सांधे मागे राहिले. त्यात आषाढाचा पाऊस. पिल्लं दिवसभर मांगरात, म्हणजे परसातल्या खोपीत, कोंडलेली, भांडं भरलेलं, रात्रभर बल्ब चालू. बदक उजेडात खातच राहतं. चालणं नाही, पंख फडफडवायला जागा नाही, ऊनही नाही. अंगावर ऊन पडल्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नसतं. मॅंगनीज आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं तरीही पंख वळायला मदत होते. एकाच घाण्याची, एकाच जोडीची पिल्लं वळत असतील तर रक्तातूनही येत असेल, ते पुढे बघू.

किनाऱ्यावरच्या काही घरगुती निवासांत पाहुण्यांसाठी राजहंस पाळतात आणि पाहुणे त्यांना पाव, वेफर्स, बिस्किटं घालत बसतात. तिथले वाकडे पंख बघून लोक पावाला दोष देतात. पावात विष नाही. पण पावाने पोट भरतं, हाडाला लागणारं काही मिळत नाही आणि पक्षी चरायला जायचं सोडतो. त्या पक्ष्यांना मी गवतावर सोडायला सांगते, बाकी काही नाही.

तेव्हा आज संध्याकाळपासून सुकट बंद करा. एक वाटी स्टार्टर आणि एक वाटी तांदळाची कणी असं मिसळा. कणीत 7-8 टक्के प्रथिनं असतात, म्हणजे मिश्रण 15 च्या आसपास येतं. पण स्टार्टर निम्मं केलं की त्यातली जीवनसत्त्वं आणि खनिजंही निम्मी होतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे ब जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, किलोभर खाद्यात 55 मिलिग्रॅमच्या घरात. ते कमी पडलं की पाय वाकतात, आणि मग पंख सुधारताना पाय बिघडले असं होतं. त्यासाठी पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं पातळ औषध द्या किंवा खाद्यावर चमचाभर यीस्ट भुरभुरा. पशुखाद्याच्या दुकानात कोंबड्यांचं खनिज मिश्रण मिळतं, तेही पुडीवर लिहिलेल्या मापाने घाला. तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीत मिळणारे खायचे शिंपले भाजून, कुटून वेगळ्या करवंटीत ठेवा, ज्याला हवे ते तो खाईल. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य मात्र चुकूनही घालू नका. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं आणि कोवळ्या पिल्लांचे मूत्रपिंड त्याने खराब होतात.

खाद्य सकाळ-संध्याकाळ, वीस मिनिटांत संपेल एवढंच. मधल्या वेळात हिरवं: लाल माठ, शेवग्याचा पाला बारीक करून, अझोला ही पाण्यावर वाढणारी वनस्पती असेल तर उत्तमच. रात्री भांडं उचलून ठेवा, पाणी राहू द्या. पाच आठवड्यांच्या बदकाला ऊबेसाठी बल्ब लागत नाही. खाद्याचं भांडं पडवीच्या एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे दर घासाला चालणं होतं. पावसाने उघडीप दिली की अर्धा तास का होईना परसात सोडा.

पावसाळ्यातलं आणखी एक. शेंगदाण्याची पेंड किंवा मका दमट हवेत बुरसतो. त्या बुरशीचं विष बदकाच्या पिल्लाला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त बाधतं. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरसलेल्या शेंगदाणा पेंडीने लाखभर टर्की मेल्या, तेव्हा हे विष जगाला कळलं, आणि त्यात बदकाची पिल्लंही गेली होती. पोत्याला कुबट वास आला तर ते वाळवून घालू नका, वाळवल्याने विष जात नाही. उकिरड्यात पुरून टाका.

आता बांधण्याचं. सामान थोडं लागतं. तालुक्याच्या मेडिकलमध्ये मायक्रोपोअरची एक इंच रुंदीची कागदी पट्टी मिळते, किंवा स्वतःलाच चिकटणारं, पिसांना न चिकटणारं बँडेज. ते न मिळालं तर जुन्या मऊ धोतराची दोन बोटं रुंद पट्टी आणि टोकाला मायक्रोपोअर. इलेक्ट्रिकची काळी टेप, पॅकिंगची टेप, रबरबँड, सुतळी यातलं काही नको. रबरबँडने रक्त अडून पंखाचं टोक काळं पडलेलं पिल्लू माझ्याकडे आलेलं आहे.

तिन्हीसांजेला बांधा, पिल्लं शांत असतात. एकाने पिल्लू फडक्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचं, डोकं कोपराखाली, दुखरा पंख तेवढा बाहेर. दुसऱ्याने आधी चांगला पंख उघडून दुमडून बघायचा. तीन-चारदा बघा, तो कसा बसतो ते बोटांना कळलं पाहिजे. चांगल्या पंखात टोकाची मोठी पिसं आतल्या पिसांच्या खाली सरकून लपतात, हातपंखा मिटल्यासारखी. मग वळलेला पंख घ्या. मनगट दोन बोटांत हलकं धरा, बाहेर आलेलं टोक आतल्या बाजूला फिरवा आणि ती पिसं आतल्या पिसांच्या खाली सरकवा. जोर लागता कामा नये. ज्याचं कालपरवा वळलंय त्याचं सहज फिरतं. अडत असेल तर थांबा, कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं मनगटाला पाच मिनिटं धरा आणि पुन्हा करा. पंख तसाच मिटलेला धरून मनगटाच्या जरा मागून पट्टी सुरू करा, मिटलेल्या पंखाभोवती एक वेढा, मग तिरकी नेऊन पिसांच्या बाजूने दुसरा, म्हणजे मराठी चारच्या आकड्यासारखी फुली पडते. दोन, फार तर तीन वेढे. खांदा मोकळा. पट्टीखाली करंगळीचं टोक शिरलं पाहिजे. नळ्या दाबून मोडू नका. एखादी मोडून रक्त आलंच तर मक्याचं पीठ किंवा हळद दाबून पाच मिनिटं धरा. तरी थांबलं नाही तर तीच नळी बुडाशी घट्ट धरून वाढीच्या दिशेने सरळ उपटावी लागते. तुमच्या हाताला ते जमेल असं वाटत नसेल तर आम्हा जनावरांच्या डॉक्टरांपैकी कुणाला तरी बोलवा.

पट्टी फक्त पंखाला. छातीभोवती नेऊ नका. हे मी इतक्या ठासून सांगते कारण माझ्या हातून ते झालंय. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात वेंगुर्ल्याकडच्या एका घरी मी बदकाच्या पिल्लाचा पंख बांधला, तो सुटू नये म्हणून पट्टी अंगाभोवती दोनदा फिरवली आणि चांगली ओढून घेतली. दिसायला बांधणी नीटस होती. सकाळी त्या घरची मुलगी पिल्लू ओंजळीत घेऊन आली, ते मेलेलं होतं. पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला पडदा नसतो. छातीचं हाड खालीवर हललं तरच त्याचा श्वास चालतो, आणि मी तेच हाड आवळून टाकलं होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, हातात उतरलेलं नव्हतं. त्या दिवसापासून पट्टी बांधल्यावर मी पिल्लू जमिनीवर सोडून दहा मिनिटं समोर बसते. चोच उघडून श्वास घेत नाही ना, चालतं ना, पाणी पितं ना, हे बघून मगच निघते. तुम्हीही तसंच बसा.

बांधलेल्या पिल्लाला पोहायला सोडू नका. ओली पट्टी आवळते आणि खालची कातडी शिजल्यासारखी होते. पण डोकं पूर्ण बुडेल एवढं खोल भांडं हवंच, नाकपुड्या आणि डोळे धुतल्याशिवाय बदकाचं चालत नाही. त्याला एकटं ठेवू नका, ओरडून ओरडून खाणं सोडेल. एक शांत सोबती द्या. इतर पिल्लं पट्टी टोचायला लागली तर मात्र त्या दोघांना जाळीआड करा, एकमेकांना दिसतील असं.

रोज संध्याकाळी पट्टी सोडायची. पंख वीस मिनिटं मोकळा फडफडू द्यायचा, तुम्हीही हलक्या हाताने तो दोन-तीनदा पूर्ण उघडून मिटायचा, मग पुन्हा बांधायचा. आठवडाभर न सोडता बांधून ठेवलेला पंख सरळ होतो खरा, पण सांधा आखडून बसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोडल्यावर पंख आपोआप मिटून राहिला तर त्या रात्री बांधू नका, सकाळी बघा. जागेवर असेल तर झालं. पुन्हा बाहेर आला तर आणखी तीन-चार दिवस. दहा दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर पिल्लाला आणखी त्रास देऊ नका.

गावठी पिल्लांकडे वळते. पंख बाहेर वळणं आणि पंख खाली लोंबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोंबणारा पंख बऱ्याचदा पंखाचा रोगच नसतो. तुम्ही एक पंख की दोन, ते लिहिलेलं नाही.

दोन्ही पंख लोंबत असतील, पिल्लू फुगून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं असेल, तर त्याची विष्ठा बघा. रक्ताळ असेल तर ती कॉक्सी, म्हणजे रक्ती हगवण. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत, ओल्या तुसावर, कोकणातल्या पावसाळ्यात हे ठरलेलं आहे. अँप्रोलियम हे औषध पाण्यातून द्यावं लागतं, माप तुमच्या डॉक्टरांकडून घ्या आणि त्याच दिवशी सगळा तूस बदला. विष्ठा हिरवी आणि मान वाकडी होत असेल तर राणीखेत हा विषाणूचा रोग. त्याला औषध नाही, वयाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटा लशीचा थेंब हाच उपाय. राहिलेल्यांचं लसीकरण लगेच विचारा. एकदम बरीच मरू लागली तर मेलेली उघड्यावर टाकू नका, 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या फोन क्रमांकावर कळवा. पिल्लं उन्हाळ्यात चोच उघडून पंख अंगापासून दूर धरतात ते फक्त उकाड्याने, तो आजार नव्हे.

एकच पंख लोंबत असेल आणि त्याच बाजूचा पायही लुळा पडत असेल, एक पाय पुढे एक मागे असं पिल्लू बसत असेल, तर मरेक्स या विषाणूच्या रोगाचा संशय. तो सहा आठवड्यांच्या पुढे दिसतो. बांधून त्याला काही होत नाही, लस पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्याच दिवशी द्यावी लागते. हाड सरळ आहे पण पिसंच हेलिकॉप्टरच्या पात्यांसारखी चहूकडे फाकलीत, पिल्लू खुरटलंय, असं असेल तर ते आतड्यातून अन्न अंगी न लागण्याचं लक्षण आहे, तिथेही पट्टीचं काम नाही. आणि साधी गोष्टही तपासा: लाल चिखलाचे गोळे पिसांच्या टोकाला वाळून बसलेत का? कोमट पाण्याने धुतल्यावर पंख वर जाताना मी पाहिलाय.

एकच पंख, आणि हात लावला की पिल्लू किंचाळतं, तर मोड किंवा मुरगळ धरा. एक आजी पदराखालून पिल्लू काढून माझ्यासमोर धरत म्हणाल्या, "डॉक्टरानू, ह्येका काय झाला ता बगा." पंखाखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली तर कातडी हिरवीगार. आजींना वाटलं सडलं. पक्ष्यांत मार लागला की दोन-तीन दिवसांनी तो असा हिरवा पडतो, आपल्यासारखा आधी काळानिळा राहत नाही. सडल्याचा वास येतो, माराचा येत नाही. ते पिल्लू मुंगसाच्या तोंडून सुटलेलं होतं. कोपराच्या पुढची मोड असेल तर बदकाला सांगितली तशीच पट्टी, पण रोज न सोडता दोन आठवडे, मध्ये एकदा बघून. पक्ष्याचं हाड दोन-तीन आठवड्यांत धरतं.

खांदा आणि कोपर यांच्या मधलं हाड मोडून बाहेर दिसत असेल तर घरी काही करू नका. ते हाड पोकळ असतं आणि त्याची पोकळी श्वासाच्या पिशवीला जोडलेली असते. त्या जखमेवर औषधाचं पाणी ओतलं तर ते थेट श्वासात जातं. कोरडं स्वच्छ फडकं ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. दुखतंय म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुटून देऊ नका. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं खाऊन गिधाडं गेली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी ते बंद झालं. कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते घातक आहे.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं राहिलं. त्यांचा हेतू वाईट नाही, पंख झुडपात, जाळ्यात अडकतो हे खरंच आहे. पण आता छाटलंत तर त्या रक्ताच्या नळ्या आहेत, पिल्लू रक्त जाऊन मरेल. एखाद्याचा पंख सुधारलाच नाही तर तीन-चार महिन्यांनी, नळ्या कोरड्या पांढऱ्या झाल्यावर, बाहेर आलेल्या पिसांची टोकं कात्रीने कापा. त्यात दुखत नाही, नखं कापल्यासारखं आहे. हाडासकट टोक काढणं हे भूल देऊन डॉक्टरनेच करायचं काम आहे आणि पाळीव बदकात त्याची गरज मला फारशी पडलेली नाही. वाकड्या पंखाची मादी चांगल्या पंखाच्या मादीइतकीच अंडी देते. नर असेल तर जोडीला लावू नका, आणि मादीची अंडी खा, उबवणीला घालू नका. त्यासाठी या तिघांच्या पायात आत्ताच रंगीत कडी अडकवून ठेवा, कारण पंख बरे झाल्यावर दिवाळीत तुम्हाला ती ओळखू येणार नाहीत. पाय जाड होतो तशी कडी मात्र सैल करत राहा.

उरलेल्या 11 पिल्लांचेही पंख आज रात्री एकेक करून उघडून बघा. मिटल्यावर एखाद्याचं टोक बोटभर जरी खाली सुटत असेल तर त्याची वेळ दोन दिवसांवर आली आहे, त्यालाही दोन रात्री नुसती सैल पट्टी बांधा. आणि गावठी पिल्लांचं एक पंख की दोन, विष्ठा कशी, वय किती दिवसांचं, एवढं मला उद्या सकाळी कळवा.